कारकून, दफ्तर आणि मोर्तब

'एआयचा मदतनीस डेटाच्या प्लॅटफॉर्मला जोडला म्हणजे नक्की काय केलं?' हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात निदान चार जणांनी विचारला असेल. त्यात एक सीए, एक शाळामास्तर आणि दोघे माझ्यासारखेच संगणकावर पोट असलेले. दर वेळी मी थोडं वेगळं उत्तर दिलं. आज जरा इतिहासाच्या वाटेने सांगून बघतो. पालीत राहतो म्हणून असेल, पण ही गोष्ट मला सचिवांच्या कचेरीशिवाय सांगता येत नाही.

आधी दोन पक्षांची ओळख करून घेऊ. एक पक्ष म्हणजे मदतनीस. आपण मराठीत किंवा इंग्रजीत सांगायचं, 'मला दर महिन्याची बेरीज हवी', आणि त्याने त्यासाठीचा प्रोग्राम लिहून द्यायचा. दुसरा पक्ष म्हणजे प्लॅटफॉर्म. तिथे तक्ते असतात, त्यांवर काम करायच्या नोटबुक असतात, आणि कोणी काय बघायचं, काय बदलायचं याचे अधिकार असतात. थोडक्यात एक कारकून आणि एक दफ्तर. कारकून हुशार आहे, पण दफ्तर कुलपात आहे. सगळी गोष्ट या कुलपाची आहे.

जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट चाचणीसाठी बाहेर आला तेव्हा लोक थक्क झाले होते. आपण एक ओळ लिहायची, पुढच्या दहा तो लिहायचा! पण त्याला दिसायचा तो समोरच्या फाइलमधला मजकूर. ज्या तक्त्यावर तो प्रोग्राम चालायचा, तो तक्ता त्याने पाहिलेलाच नसायचा. मग रकान्याचं नाव तो अंदाजाने लिहायचा. चुकलं की आपण चूक वाचायची, त्याला दाखवायची, नवा प्रोग्राम घ्यायचा, परत चालवायचा. म्हणजे कारकून आणि दफ्तर यांच्यामधले जासूद आपणच! जुलै २०२३ मध्ये चॅटजीपीटीच्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांना 'कोड इंटरप्रिटर' मिळाला. आता फाइल त्याच्याकडे चढवली की तो ती उघडून स्वतः हिशेब करू लागला. सोय झाली खरी, पण हे म्हणजे रुमालात बांधलेलं दफ्तर उचलून कारकुनाच्या घरी नेऊन देण्यासारखं. छोट्या फाइलला चालतं. मोठं दफ्तर असं उचलता येत नाही, आणि खाजगी असेल तर उचलूही नये.

उलटी वाट अशी, की दफ्तर जागेवर ठेवून कारकुनालाच तिथे बोलवायचं. अडचण एकच होती. कारकून अनेक, दफ्तरंही अनेक, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. दहा मदतनीस आणि वीस प्लॅटफॉर्म असतील तर जोडण्या झाल्या दोनशे. सगळ्यांनी विचारण्याची एकच रीत मान्य केली, तर प्रत्येकाने आपल्यापुरती ती रीत शिकायची आणि काम तिसात भागतं. ही युक्ती नवी नाही. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने संपादक-प्रोग्राम आणि संगणकीय भाषा यांच्यासाठी 'लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल' आणला, तो याच हिशेबाने. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मदतनिसांसाठी तशीच खुली रीत जाहीर केली, 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', म्हणजे एमसीपी. मार्च २०२५ मध्ये प्रतिस्पर्धी ओपनएआयनेही ती उचलली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेली.

आत काय चालतं ते ऐकायला साधं आहे. दफ्तराच्या दाराशी एक छोटा प्रोग्राम बसतो, त्याला सर्व्हर म्हणतात. तो आल्या आल्या मदतनिसाला यादी देतो: मी तक्त्यांची नावं सांगू शकतो, रकाने दाखवू शकतो, तुझा प्रश्न तक्त्यावर चालवून उत्तर देऊ शकतो. मदतनीस ठरलेल्या नमुन्यात मागणी लिहितो, सर्व्हर ती पुरी करतो आणि उत्तर परत देतो. मदतनीस स्वतः दफ्तराला हात लावत नाही, दारावरच्या माणसाकडे चिठ्ठी देतो. आता खरा प्रश्न. दारावरच्या या माणसाला कोणत्या चिठ्ठ्या मान्य करायचा अधिकार द्यायचा?

इथे पाली येते.

पालीला येणारे बहुतेक जण बल्लाळेश्वराला येतात, फार तर सरसगड चढून जातात. हा सुधागड तालुका १९४८ पर्यंत भोर संस्थानात होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. भोरचे राजे म्हणजे पंतसचिव. सुधागडावर त्यांचा वाडा आहे आणि त्यांची कुलदेवता भोराईही तिथेच. म्हणजे आमच्या मुलखावर सुमारे अडीचशे वर्षं ज्या घराण्याचा अंमल होता, त्याचं नावच मुळी एका कचेरीच्या कामावरून पडलेलं. सचिव, म्हणजे जुना सुरनीस. त्याचं काम काय? राजाच्या नावे जाणारी पत्रं तपासायची, अधिकउणं अक्षर दुरुस्त करायचं आणि मग आपली संमतीची खूण करायची.

शिवाजी महाराजांच्या काळातलं पत्र कसं पुरं व्हायचं ते बघण्यासारखं आहे. लिहायचा चिटणीस. तपासायचा सचिव. माथ्यावर मुद्रा, आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब, ती छोटी मुद्रा. तिच्यात 'मर्यादा' हा शब्दच होता. मजकूर इथे संपला, याखाली कोणी ओळ वाढवायची नाही. शिवाय पत्राची दफ्तरात नोंद व्हायची. एक हात लिहिणारा, दुसरा तपासणारा, तिसरा शिक्क्याचा, आणि वर मागे राहणारी नोंद. हुशार माणसांची वाण नव्हती, तरीही एवढे हात ठेवले होते. की हुशार माणसं होती म्हणूनच ठेवले होते?

१६७४ च्या राज्याभिषेकावेळी सचिव होते अण्णाजी दत्तो. स्वराज्यातल्या जमीनमोजणीशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. एकाच मापाने मुलूख मोजला की गावोगावचे आकडे शेजारी शेजारी मांडता येतात. डेटाचं काम करणाऱ्याला याहून वेगळं काय हवं असतं? आणि चिटणीस होते बाळाजी आवजी, महाराजांचा शब्द कागदावर उतरवणारे. तेव्हाचं सगळ्यात मोठं दफ्तर आणि सगळ्यात विश्वासाची लेखणी म्हणजे ही दोन माणसं.

दोघांचाही शेवट आमच्या पालीजवळ झाला.

१६८० च्या एप्रिलमध्ये महाराज गेले आणि वारशावरून कारस्थानं सुरू झाली. १६८१ च्या जूनमध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आश्रयाला आला आणि सुधागडाच्या पायथ्याशी राहिला. त्या जागेला पादशाहपूर नाव पडलं, आजचं पाच्छापूर. संभाजी महाराजांविरुद्ध कट करणाऱ्यांनी या अकबराला पत्र धाडलं आणि अकबराने ते महाराजांच्याच हाती पोचतं केलं, असं इतिहासकार सांगतात. त्याच पावसाळ्यात परळीजवळ औंढ्याला अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, बाळाजी आवजी आणि इतरांना देहान्त शिक्षा झाली.

अण्णाजींच्या दोषाबद्दल फारसा वाद नाही. बाळाजींच्या बाबतीत मात्र आजही मतं वेगळी आहेत. ते पत्र त्यांच्या घरातल्या हस्ताक्षरात होतं आणि त्यामुळे ते अडकले, अशीही एक हकीकत सांगतात. खरं-खोटं अभ्यासकांनी ठरवावं. पण त्यांचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे चिटणीस झाला आणि संभाजी, राजाराम, शाहू अशा सगळ्यांच्या कारकिर्दीत निष्ठेने राहिला, एवढं पक्कं. औंढ्याच्या वाटेने गेलो की मला दर वेळी तोच प्रश्न पडतो. अक्षर एकाचं, मजकूर दुसऱ्याचा. मग पत्र कोणाचं?

आता तुम्ही म्हणाल, कुठे ते हत्ती-घोड्यांचं राजकारण आणि कुठे तुझा संगणक! कबूल. इथे कोणाच्या जिवाशी गाठ नाही. पण प्रश्न तोच आहे, आणि तो हौसेचा राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत रेप्लिट या सेवेचा मदतनीस वापरताना एका उद्योजकाचा चालू डेटाबेसच त्या मदतनिसाने पुसून टाकला. काही बदलू नकोस, अशी सूचना दिलेली असताना! वर, डेटा परत आणता येणार नाही असंही सांगितलं. प्रत्यक्षात तो परत आणता आला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि चाचणीचा डेटाबेस चालू डेटाबेसपासून वेगळा ठेवायची व्यवस्था केली. म्हणजे घटना घडल्यावर कचेरीत दुसरा हात बसवला.

माझं स्वतःचं दफ्तर अगदी लहान आहे. गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी बारा वर्षं वहीत ठेवलेल्या पावसाच्या नोंदी मी तक्त्यात उतरवल्या आहेत. अंबा नदी पुलावर येते आणि वाकणचा रस्ता बंद पडतो, त्याच्या आधी किती पाऊस झालेला असतो, एवढंच मला बघायचं आहे. मदतनीस या तक्त्याला जोडला आणि काम खरंच झपाट्याने होऊ लागलं. रकान्यांची नावं तो आता स्वतः वाचतो, अंदाज करत नाही. आठवड्याचं काम तासात होतं, आणि हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण एका संध्याकाळी त्याने विचारलं, 'काही दिवसांच्या नोंदी रिकाम्या आहेत, त्या जागी शून्य भरू का?' वहीत त्या जागी गुरुजींची आडवी रेघ आहे. पाणी इतकं होतं की ते मापकापर्यंत पोचूच शकले नाहीत, असे ते दिवस. म्हणजे बारा वर्षांतले सगळ्यात ओले दिवस! तिथे शून्य भरलं असतं तर तक्ता नेटका झाला असता, प्रोग्रामही बिनचूक चालला असता, आणि पूर आलेल्या दिवशी पालीत थेंब पडला नाही असं उत्तर निघालं असतं. मदतनिसाचा यात लबाडपणा नव्हता. त्याने तक्ता पाहिला होता, नदी पाहिली नव्हती.

त्याला विचारावं लागलं याचं कारण, मी त्याला वाचण्याचाच अधिकार दिला होता. लिहायचं तर माझी परवानगी घ्यायची. प्रत्येक मागणीची नोंद राहते आणि मूळ वहीचे फोटो वेगळे ठेवलेले आहेत. या सगळ्याला तांत्रिक नावं आहेत, पण सचिवांच्या कचेरीतल्या माणसाला ती वेगळी समजावून सांगावी लागली नसती.

दर खेपेला 'परवानगी आहे का?' असं विचारणारी ती चौकट कंटाळवाणी असते, हे मात्र खरं. दहाव्यांदा आली की बोट आपसूक 'हो'कडे जातं, आणि पुढे कायमची परवानगी देऊन टाकायचीही सोय असते. माझ्या मते धोका मदतनिसाच्या हुशारीत कमी आणि या कंटाळ्यात जास्त आहे. न वाचता केलेली 'संमत'ची खूण ही खूणच नव्हे. २०१८ पासून सातबाराही डिजिटल सहीने मिळतो. सहीचं रूप बदललं, पण खाली कोणाची तरी सही लागतेच, आणि उद्या भांडण झालं तर त्या सहीच्या माणसालाच विचारतात.

म्हणून आता कोणी विचारलं, की जोडलं म्हणजे काय केलं, तर मी सांगतो: कारकून कामाला ठेवला, त्याला दफ्तराची वाट दाखवली, आणि मोर्तब माझ्या खिशात ठेवलं. गुरुजींच्या आडव्या रेघा तक्त्यात अजून रिकाम्याच आहेत. येत्या पावसाळ्यात त्यांच्याजवळ बसून त्या एकेका दिवशी काय झालं होतं ते विचारून लिहून घ्यायचं ठरवलंय. ते काम कारकुनाला सांगण्यासारखं नाही.