चिखलातली शर्यत आणि ताप

रानवाटांवरचे आधुनिक ट्रायथलॉन १९९६ साली हवाईतल्या माउई बेटावर सुरू झाले. पोहणे, डोंगरातली सायकल आणि धावणे यांत चिखलपाण्याशी गाठ पडतेच. १९९८ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला आणि २००० साली मलेशियातल्या सबाहमध्ये अशा पाण्यातून स्पर्धकांना लेप्टोस्पायरोसिस झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पुरापाठोपाठ मुंबईतही लेप्टोची साथ आली. उंदराच्या मूत्रातले जंतू पायाच्या जखमेतून शिरतात. आधी ताप येतो, पोटऱ्या ठणकतात. धावपटूला ते सरावाचे दुखणे वाटते. म्हणून पावसाळ्यात बोरिवली-मुलुंडच्या चिखलवाटा तुडवणाऱ्याने अंगात ताप असताना शर्यतीत न उतरता आधी डॉक्टर गाठावा.