मुलांना घेऊन जायचे कुठे? पालकांसाठीच्या अ‍ॅपची जडणघडण

सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जायचे कुठे, हा शहरातील पालकांपुढचा नेहमीचा प्रश्न. बालनाट्ये, चित्रकलेची शिबिरे, विज्ञान प्रदर्शने, कथाकथनाचे कार्यक्रम यांची शहरात वाण नसते. अडते ते त्यांची माहिती वेळेवर मिळण्यापाशी. पूर्वी वृत्तपत्रातील ‘आजचे कार्यक्रम’, वाचनालयाचा सूचनाफलक आणि शेजारीपाजारी यांच्यावर भिस्त असे. स्मार्टफोन आल्यानंतर हेच काम करणारी अ‍ॅप तयार झाली. मात्र अशा अ‍ॅपचे यश पडद्यावरील आकर्षक मांडणीपेक्षा माहितीच्या विश्वासार्हतेवर अवलंबून असते.

परदेशातील दोन प्रयत्न

लंडनमध्ये २०१६ साली सुरू झालेल्या ‘हूप’ या अ‍ॅपवर परिसरातील मुलांचे वर्ग आणि कार्यक्रम एकत्र पाहता येत. कोविडच्या साथीत असे उपक्रम थांबले आणि २०२० मध्ये हे अ‍ॅपही बंद झाले. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे सारा मॉस्कॉफ आणि अ‍ॅन हॉलसॉल यांनी ‘विनी’ हे अ‍ॅप २०१६ मध्येच आणले. एखाद्या उपाहारगृहात बाळाचे कपडे बदलण्याची सोय आहे का, बाबागाडी आत नेता येते का, असा तपशील पालक स्वतःच त्यात नोंदवीत. पुढे या कंपनीने पाळणाघरे व बालवाड्या शोधून देण्याच्या सेवेकडे मोर्चा वळवला. उपयोग ध्यानात येऊनही केवळ भटकंतीच्या माहितीवर व्यवसाय उभा करणे किती अवघड आहे, हे या दोन्ही उदाहरणांतून दिसते.

चार प्रश्नांची उत्तरे

पालकांना प्रामुख्याने चार गोष्टी हव्या असतात : वय, अंतर, वेळ आणि खर्च. ‘लहान मुलांसाठी’ एवढा उल्लेख पुरेसा नाही. तीन वर्षांचे मूल आणि दहा वर्षांचे मूल एकाच कार्यक्रमात रमत नाही. दोन्ही वयांची भावंडे असतील तर शोध आणखी कठीण होतो. अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजून भागत नाही. मुंबईत रेल्वेमार्गाच्या पलीकडचे, डोळ्यांना दिसणारे मैदानही कडेवर मूल असताना लांब पडते. म्हणून किलोमीटरपेक्षा प्रवासाचा वेळ दाखवणे उपयुक्त ठरते. खर्चात केवळ तिकीट न धरता सोबतच्या पालकांनाही शुल्क आहे का, हे स्पष्ट असावे लागते. पावसाळ्यात छताखालची ठिकाणे वेगळी काढता येणे ही तर आपल्याकडची खास गरज.

माहिती शिळी होते

या कामातील सर्वांत मोठी अडचण माहिती ताजी ठेवण्याची आहे. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते. पण बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ते खुले राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवले जाते. अ‍ॅपमध्ये ‘बुधवार बंद’ एवढीच नोंद असेल तर सुट्टीची संधी हुकते आणि गुरुवारी आलेल्या कुटुंबाला फाटकावरून परतावे लागते. एकदा असे घडले की पालक ते अ‍ॅप पुन्हा उघडण्याची शक्यता कमी. त्यामुळे प्रत्येक नोंदीसोबत ती शेवटची कधी तपासली ती तारीख देणे, चूक कळवण्याची सोय ठेवणे आणि होऊन गेलेले कार्यक्रम आपोआप काढून टाकणे या बाबी रचनेतच अंतर्भूत असाव्या लागतात.

पैसा आणि क्रम

उत्पन्नाचे मार्ग ठरावीक असतात : तिकिटांवरील दलाली, आयोजकांकडून वर्गणी किंवा जाहिरात. तिन्हींचा ओढा पैसे मोजणाऱ्या आयोजकाकडे असतो. महापालिकेचे उद्यान किंवा ग्रंथालयातील बालविभाग यांतले काहीही देत नाही, त्यामुळे यादीत ते तळाला जाण्याचा धोका असतो. ज्या कुटुंबांना विनामूल्य ठिकाणांची सर्वाधिक गरज, त्यांनाच ती दिसत नाहीत. जाहिरातीची नोंद तशी स्पष्ट दर्शवणे आणि ‘विनामूल्य’ हा पर्याय पहिल्याच पडद्यावर ठेवणे हा त्यावरचा उपाय.

मुलांची माहिती जपून

मुलाचे नाव, जन्मतारीख, छायाचित्र यांची अशा अ‍ॅपला गरज नसते, वयोगट पुरतो. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. बालकांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती हा कायदा आवश्यक मानतो. त्यांच्यावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यासही तो मनाई करतो. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने १३ वर्षांखालील मुलांच्या माहितीला असे संरक्षण दिले आहे. कुटुंब दर रविवारी कुठे असते, याची नोंद चुकीच्या हाती पडणे हे फाटक बंद असण्यापेक्षा कितीतरी गंभीर. म्हणूनच कोणती माहिती मागायचीच नाही, हे आराखड्याच्या आरंभीच ठरवणे श्रेयस्कर.