क्षयरोग्याचे ताट

फुप्फुसांच्या एका जुनाट रोगाला आपल्या पूर्वजांनी ‘क्षय’ हे नाव दिले, ते जंतू पाहून नव्हे, तर माणूस पाहून. दक्षाच्या शापाने कलेकलेने झिजणाऱ्या चंद्राची कथा ज्यांनी राजयक्ष्म्याशी जोडली, त्यांच्या डोळ्यांपुढे रोग्याची वितळत जाणारी काया होती. तेव्हा झिजणाऱ्या देहाला अन्न घालावे, हा विचार ओघानेच येतो. पण अन्नाने रोग हटतो काय? या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

१८५४ साली हेर्मान ब्रेमर या जर्मन वैद्याने क्षय बरा होऊ शकतो, असे प्रतिपादन करणारा प्रबंध लिहिला आणि पुढे सायलेशियाच्या डोंगराळ भागात क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम चालविले. मोकळी हवा आणि भरपूर सकस आहार यांवर तेथे भर असे. १८८२ च्या मार्चमध्ये रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. परंतु त्याला मारणारे औषध हाती नव्हते. त्यामुळे पुढील साठ वर्षे वैद्यांची भिस्त दूध, अंडी आणि विश्रांती यांवरच राहिली. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे क्षयरुग्णालय आपल्याकडील अनेकांना ठाऊक असेल. तेही याच परंपरेतले. रोग्याने ठराविक दिवशी काट्यावर उभे राहावयाचे, आणि काटा पुढे सरकला की आशा धरावयाची, असा तो काळ होता.

१९४० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले आणि सारेच पालटले. आता प्रश्न निराळा होता. भारतात रोगी लाखोंनी आणि खाटा मोजक्या. मग औषध घरीच दिले तर? याचा निकाल लावण्यासाठी १९५६ साली मद्रास येथे एक केंद्र निघाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी ते मिळून उभारले. शहरातील गरीब वस्त्यांतले सुमारे दोनशे रोगी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत वाटले गेले. निम्मे सॅनिटोरियममध्ये गेले, निम्मे घरी राहिले. औषधे तीच, मुदत वर्षाची. सॅनिटोरियममधील ताट पुष्कळ सकस होते. तेथल्या रोग्यांचे वजनही घरच्यांहून बरेच अधिक वाढले. तरी वर्षाअखेर रोग आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखे निघाले. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयाचा उपचार घराकडे वळला. खाटेची वाट पाहत मरण्याची पाळी असंख्य गरिबांवरून टळली.

मात्र या यशातूनच एक गैरसमज रुजला. नियमित औषध घेणारा रोगी साध्या आहारावरही जंतुमुक्त होतो काय, एवढेच मद्रासने विचारले होते आणि त्याचे खरे उत्तर मिळविले होते. पुष्कळांनी त्याचा अर्थ केला, अन्नाला महत्त्वच नाही! अतिशय खंगलेला रोगी उपचाराचे पहिले आठवडे पार करील काय, आणि त्याच्या घरातील अर्धपोटी माणसे रोगापासून वाचतील काय, हे प्रश्न बाजूलाच राहिले. क्षयात केवळ चरबी जात नाही, स्नायूही जातात. श्वास ओढणारे स्नायू त्यांतच आले.

या प्रश्नांचे उत्तर २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये शोधले गेले. डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव यांनी चालविलेल्या या अभ्यासात मद्रासच्या त्याच केंद्राचे आजचे रूप असलेल्या चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेचाही सहभाग होता, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे. २,८०० रोग्यांना औषधाबरोबर दरमहा शिधा दिला गेला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन शेकडा ५ वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे शेकडा ६० ने कमी आढळला. अर्थात औषध लागू पडले की वजन वाढतेच. तेव्हा सारे श्रेय अन्नाला देता येणार नाही. पण घरच्या माणसांची गोष्ट अधिक स्पष्ट आहे. त्यांच्यापैकी एका गटाला तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे मिळाली, दुसऱ्याला नाही. शिधा मिळालेल्यांत नव्याने होणारा क्षय शेकडा ३९ ने घटला. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

केंद्र सरकार २०१८ पासून रोग्याला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. मद्रासचा निष्कर्ष खोटा ठरलेला नाही. औषधाला पर्याय आजही नाही. परंतु झारखंडने आपली नजर रोग्याच्या ताटावरून त्याच्या शेजारी मांडलेल्या घरच्यांच्या ताटांकडे वळविली आहे. ती ताटे रिकामी राहिली, तर उद्याचा रोगी त्याच पंगतीतून उठेल.