लाटेवरील स्त्री

कंधारास समुद्र नाहीं. समुद्राचें नांव मात्र आहे. 'जगत्तुंग' हें राष्ट्रकूट राजांचें बिरुद, आणि त्यावरून तेथील प्राचीन तलावास जगत्तुंगसागर म्हणतात. कोंकणच्या किनाऱ्यापासून शेंकडों मैल दूर, मन्याडच्या खोऱ्यांत, एका तलावास सागर म्हणण्यांत राजवैभवाची अतिशयोक्ति असेल. परंतु अडविलेल्या पाण्यास समुद्राचा मान देण्याची हौस आपल्याच पूर्वजांस होती असें नाहीं. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत लिमूर हें गांव असेंच किनाऱ्यापासून शंभर मैलांहून दूर, कापसाच्या व दूधदुभत्याच्या मुलखांत वसलेलें आहे. केली स्लेटर या विख्यात खेळाडूनें तेथें एक तळें सिद्ध करवून, रुळांवरून ओढल्या जाणाऱ्या एका पात्याच्या योगानें त्यांत समुद्रासारखी लाट उठविली, आणि 2015 सालीं ती जगास दाखविली.

फळीवर उभें राहून लाटेवर स्वार व्हावयाचें, या खेळास सर्फिंग म्हणतात. 2021 सालीं अमेरिकेंत दूरचित्रवाणीवरून दाखविण्यांत आलेली 'दि अल्टिमेट सर्फर' ही स्पर्धा याच तळ्यावर खेळली गेली. स्पर्धक एकामागून एक गळत गेले. अखेरच्या दिवशीं पुरुषांत एक व स्त्रियांत एक असे दोन विजयी ठरले. स्त्रियांत टिया ब्लँको हिनें जय मिळविला. बक्षीस दोघांसही सारखेंच होतें : प्रत्येकास एक लक्ष डॉलर, आणि जगांतील श्रेष्ठ व्यावसायिक स्पर्धांत उतरण्याची संधि.

ही समानता नव्या युगाची देणगी आहे असें कोणास वाटेल. इतिहास मात्र निराळें सांगतो. 1778 सालीं कॅप्टन कुक हवाई बेटांस पोहोंचला, त्यापूर्वीं कित्येक शतकें तेथें हा खेळ चालत आला होता, आणि त्यांत स्त्रीपुरुष असा भेद नव्हता. माउई बेटावरील केलिया या राजकन्येची लाटांवरील आसक्ति तेथील दंतकथांत अमर झाली आहे. पहिल्या कामेहामेहा राजाची राणी काआहुमानु हीही या कलेंत निपुण होती. पुढें परकीयांबरोबर आलेल्या रोगांनीं बेटांची वस्ती भराभर घटली. 1820 सालीं ख्रिस्ती मिशनरी आले; उघड्या अंगाचा व स्त्रीपुरुषांच्या एकत्र क्रीडेचा हा प्रकार त्यांस रुचला नाहीं. खेळ अगदीं नाहींसा झाला नाहीं, पण ओसरला.

विसाव्या शतकांत तो पुन्हां उदयास आला. 1915 सालीं ड्यूक कहानामोकू या हवाईच्या जलतरणपटूनें सिडनीजवळ आपल्या फळीवर इझाबेल लेथम या पंधरा वर्षांच्या मुलीस बरोबर घेतलें. 1964 सालीं मॅनली येथें झालेल्या जागतिक स्पर्धेंत फिलिस ओडॉनेल ही स्त्रियांत अजिंक्य ठरली. तरी श्रेष्ठ व्यावसायिक स्पर्धांत स्त्रीपुरुषांचीं बक्षिसें सारखीं होण्यास 2019 साल उजाडावें लागलें. 2021 सालीं टोकियोच्या ऑलिंपिकांत हा खेळ प्रथमच आला, तेव्हां स्त्रियांचें सुवर्णपदक कॅरिसा मूर हिनें पटकाविलें. ती मूळ हवाईयन वंशाची. राणी काआहुमानूच्या वारसदारांस आपलेंच धन परत मिळाविण्यास शतकाहून अधिक काळ लोटला!

आतां आपल्याकडे पाहूं. आपल्या काव्यांत स्त्री पाण्यांत उतरते ती बहुधा दृश्य म्हणून. रघुवंशाच्या सोळाव्या सर्गांत शरयूंत जलक्रीडा आहे. पण तींतील स्त्रिया कुश राजाच्या वैभवाचा अलंकार आहेत. स्वयंवरांत स्पर्धा आहे. पण मत्स्यभेद करावयाचा तो पुरुषानें, द्रौपदी हा त्यांतील पण. जी स्वतः पणास लागते ती स्पर्धक कशी होणार? स्त्रियांच्या अंगच्या चपळाईस आपल्याकडे वाव होता तो मंगळागौरीच्या जागरणांत. फुगडी, झिम्मा, पिंगा यांत दम, तोल आणि लय यांचा कस लागतो. पण तेथें निवाडा नाहीं, बक्षीस नाहीं, आणि पाणी तर नाहींच.

यांत आपल्या मराठवाड्यास विचार करावयास लावणारी एक गोष्ट आहे. येथें पाणी वाहणें हें स्त्रियांचें काम, आणि पाण्यांत खेळणें हा मुलग्यांचा हक्क. विहिरींत उडी मारणारा मुलगा धीट ठरतो. तीच उडी मुलीनें घेतली तर घरीं बोलणीं बसतात. कोणी म्हणेल, 2016 सालीं ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें जलक्रीडेच्या गोष्टी कशास? परंतु टंचाईचा भार ज्यांच्या डोक्यावर प्रथम येतो, त्यांसच पाण्याच्या आनंदांतून वगळावें, हा न्याय टंचाईनें शिकविलेला नाहीं. तो आपणच घडविला आहे. मुंबईची इशिता मालवीय हिनें 2007 सालीं मणिपाळला शिकत असतां लाटेवर उभें राहण्यास आरंभ केला आणि पुढें कर्नाटकच्या किनाऱ्यावर या खेळाची शाळा चालविली. भारतांतील पहिली व्यावसायिक स्त्रीसर्फपटू म्हणून तिचें नांव घेतलें जातें. समुद्र तिला परका नव्हता. परकी होती ती रीत.

दूरचित्रवाणीच्या असल्या स्पर्धांत भाबडेपणानें सारेंच गोड मानण्याचें कारण नाहीं. कॅमेऱ्याला लाटेइतकेच अश्रूही हवे असतात, आणि खेळापेक्षां भांडण अधिक वेळ दाखविलें जातें. स्पर्धकास पुन्हां दृश्य करून टाकण्याची ही नवी युक्ति होय. तरीही लिमूरच्या तळ्यावरील लाटेंत एक गुण आहे. समुद्राची एक लाट दुसरीसारखी नसते, आणि दैव ज्यास चांगली लाट देतें त्याचें फावतें. यंत्राची लाट प्रत्येकास सारखी येते. ती स्वार कोण हें विचारीत नाहीं. तोल सांभाळला तर ती उचलून धरते, न सांभाळला तर बुडविते.

राष्ट्रकूटांनीं कोरड्या मुलखांत सागर बांधिला, तो पाण्यासाठीं. त्या सागराच्या कांठीं घागर घेऊन आलेल्या मुलीस घागर खालीं ठेवून पोहावयास उतरतां यावें, एवढी समता निर्माण करण्यास यंत्राची गरज नाहीं. तिच्याकडे पाहणाऱ्यांनीं दृष्टि बदलली म्हणजे पुरे.