वहीने तारलेला वंश

लक्ष्मीपूजनाला आपण वह्यांची पूजा करतो. एका वहीने जनावराची अख्खी जात तारल्याची कथा पोलंड आणि बेलारूस यांच्या सीमेवर पसरलेल्या बियावोवियेझाच्या अरण्यात घडली आहे.

युरोपच्या प्राचीन रानाचा हा उरलासुरला तुकडा. तेथील मानकरी म्हणजे ‘झुब्र’, आपल्या गव्याचा दूरचा भाऊबंद. तसाच दांडगा, पण अंगावर दाट लोकर असलेला. पोलंडच्या राजांनी आणि पुढे रशियाच्या झारांनी शिकारीच्या हौसेने का होईना, त्याला जपले. कायदे कडक होते. पण राज्यच डळमळले की कायद्याला कोण विचारतो? १९१५ साली जर्मन फौजा आल्या. रानात लाकडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि सुमारे सातशे झुब्रांची कत्तल सुरू झाली. १९१९ साली तेथे एकही उरला नाही. कॉकेशस पर्वतातला शेवटचा झुब्र १९२७ साली गेला.

आता उरले होते ते प्राणिसंग्रहालयांत आणि उमरावांच्या बागांत. १९२३ साली पॅरिसच्या परिषदेत यान श्टोल्त्समान या पोलिश प्राणिशास्त्रज्ञाने हाक दिली आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये झुब्ररक्षणाची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. मोजदाद झाली, तेव्हा शुद्ध रक्ताची अवघी ५४ जनावरे भरली. आजचे सारे झुब्र त्यांच्या अवघ्या १२ पूर्वजांची संतती आहेत.

इतक्या थोड्यांत सोयरीक जुळवायची, तर नाती ठाऊक हवीत. म्हणून १९३२ साली त्यांची वंशावळ छापली गेली. प्रत्येकाचा क्रमांक, नाव, आई, बाप. जणू आपला कुलवृत्तांतच! आपल्या राशीच्या अक्षरासारखे तेथे घराण्याचे अक्षर असते: पोलंडमधील बहुतेक झुब्रांची नावे ‘पो’ने सुरू होतात, तर प्श्चिनाच्या कळपातील ‘प्ल’ने.

१९२९ साली काही झुब्र बियावोवियेझाच्या कुंपणात परतले होते. मग दुसरे महायुद्ध पेटले. त्या काळात वॉर्साच्या प्राणिसंग्रहालयात यान झाबिन्स्की आणि त्यांची पत्नी अँतोनिना यांनी अनेक ज्यूंना लपवून वाचवले. युद्ध संपल्यावर याच झाबिन्स्कींनी झुब्रांच्या वंशावळीचे काम हाती घेतले. १९५२ साली पहिले झुब्र कुंपणाबाहेर, मोकळ्या रानात सोडले गेले. २०१९ पर्यंत युरोपातील मोकळ्या झुब्रांची संख्या ६,२००च्या वर गेली.

तरी काळजी मिटलेली नाही. १२ पूर्वजांच्या रक्तात जे नव्हते, ते वहीतून कोठून यावे? आणि रान? साल पोखरणाऱ्या किड्याचे निमित्त करून तेथे पुन्हा मोठी वृक्षतोड झाली. ती बेकायदा असल्याचा निवाडा युरोपीय न्यायालयाने २०१८ साली दिला. झुब्राची वंशावळ माणसाला लिहिता आली. शतकानुशतके पडलेल्या पानांवर आणि कुजलेल्या खोडांवर वाढलेल्या रानाची वंशावळ कोण लिहिणार? ते आहे तेथे राखणे, एवढेच आपल्या हाती.