लाल खडकांच्या वाळवंटातली उन्हाळी सुट्टी

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, युटा आणि ॲरिझोना ह्या राज्यांत, लाल वालुकाश्माचा विस्तीर्ण वाळवंटी प्रदेश पसरलेला आहे. १८५८ साली लेफ्टनंट जोसेफ आइव्ह्ज हा लष्करी सर्वेक्षक कोलोरॅडो नदीच्या मार्गाने शोध घेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी उतरला. १८६१ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्याने ह्या प्रदेशाविषयी स्वच्छ निर्वाळा दिला : येथून मिळण्यासारखे काही नाही, गोऱ्यांची ही पहिली तुकडी येथे आली आणि बहुधा हीच शेवटची ठरेल. त्याच दरीच्या काठावर अलीकडच्या बहुतेक वर्षांत चाळीस लाखांहून अधिक माणसे येऊन गेली आहेत, आणि शाळांना सुट्ट्या लागल्या की त्यांत मुलाबाळांसह येणाऱ्यांची भर पडते. (अमेरिकेतल्या मराठी घरांतही भारतातून आई-वडील आले, की नायगारानंतर ग्रँड कॅन्यनचा क्रम बहुधा ठरलेलाच असतो.) निरुपयोगी ठरवलेली भूमी कुटुंबाच्या सहलीची जागा कशी झाली, हा प्रश्न केवळ पर्यटनाच्या इतिहासाचा नाही, असे आम्हांस वाटते. तो वाङ्मयाचाही आहे. कारण ह्या वाळवंटाविषयी जे नावाजलेले लेखन झाले, त्यात कुटुंब जवळजवळ दिसतच नाही.

आइव्ह्जनंतर अकरा वर्षांनी, १८६९ साली, एक हात गमावलेला जॉन वेस्ली पॉवेल होड्यांतून ह्या नदीतून खाली गेला. परंतु डोळ्यांना हा प्रदेश पाहायला शिकवले ते त्याचा सहकारी क्लॅरेन्स डटन ह्याने. डटन भूवैज्ञानिक, त्याचा १८८२ सालचा ग्रंथ सरकारी भूवैज्ञानिक अहवाल म्हणूनच निघाला. पण त्यातला एक विचार थेट सौंदर्यशास्त्राचा आहे. ज्याची अभिरुची आल्प्सच्या हिरव्या-पांढऱ्या उतारांवर घडली आहे, त्याला हे लाल, उघडे, काटकोनी खडक प्रथमदर्शनी विद्रूपच वाटणार. त्यांचे सौंदर्य सावकाश, सहवासाने कमवावे लागते, असे तो सांगतो. रसिकता जन्मजात नसून अर्जित असते, हे आपण वर्गात काव्यशास्त्र शिकवताना सांगतो. तेच येथे एका भूवैज्ञानिकाने खडकांसंबंधी सांगून ठेवले आहे.

ह्याच डटनने दरीतल्या सुळक्यांना नावे दिली, ती मराठी वाचकाला चकित करणारी आहेत : शिवाचे मंदिर, विष्णूचे मंदिर. पुढे नकाशावर ब्रह्मा, मनू, बुद्ध, झरतुष्ट्र आले. राम आणि कृष्णही आले. तळाशी असलेला, पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वीचा काळपट खडक तर भूविज्ञानात 'विष्णू शिस्ट' म्हणूनच ओळखला जातो. पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणाऱ्या ह्या सुळक्यांत त्याला पौर्वात्य देवालयांच्या शिखरांचा भास झाला. आपल्याला ह्याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. पण ते बेताने वाटावे हे बरे. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या ह्या दऱ्यांत गेल्या त्यांच्या भाषांतली नावे नकाशावर त्या मानाने थोडीच उरली, आणि सात समुद्रांपलीकडच्या देवांना मात्र जागा मिळाली.

असो. अभिरुची घडली तरी मुलांना घेऊन येण्यासाठी रस्ता लागतो. १९०१ साली सांता फे कंपनीची आगगाडी दरीच्या दक्षिण काठापर्यंत पोहोचली. तोवर घोडागाडीत हाडे खिळखिळी करून घ्यावी लागत. आता डब्यात बसून दरीच्या तोंडाशी उतरता येऊ लागले. १९०५ साली काठावर एल तोवार हे हॉटेल उभे राहिले आणि त्याच्यासमोरच, मेरी कोल्टर ह्या वास्तुरचनाकार स्त्रीने आखलेले होपी हाउस. होपी जमातीच्या दगडी घरांच्या धर्तीवर बांधलेल्या ह्या वास्तूत खाली विक्रीचे दालन होते आणि होपी कारागीर तेथेच राहत. नाम्पेयो ही विख्यात कुंभकार १९०५ आणि १९०७ साली आपल्या कुटुंबासह येथे राहिली व काम करीत राहिली. संध्याकाळी पाहुण्यांसमोर नृत्ये होत. म्हणजे सुट्टीवर आलेले एक कुटुंब हॉटेलातून बाहेर पडून कामावर असलेले दुसरे कुटुंब पाहत होते. पर्यटनाच्या इतिहासकारांनी ह्या दृश्यावर बरेच लिहिले आहे. आम्हांला त्यातला एकच तपशील सुटत नाही, तो असा की पाहणारे आणि पाहिले जाणारे दोघेही मुलांना बरोबर घेऊन आलेले होते.

त्याच काळात एल्सवर्थ आणि एमरी कोल्ब ह्या दोन भावांनी ब्राइट एंजल पाउलवाटेच्या तोंडाशी छायाचित्रांचे दुकान थाटले. खेचरांवर बसून दरीत उतरणाऱ्या प्रवाशांचा फोटो ते सकाळी काढीत आणि मंडळी वर परतेपर्यंत त्याच्या प्रती तयार ठेवीत. ह्यात अडचण पाण्याची होती. काठावर स्वच्छ पाणी नव्हते. काचा धुण्यासाठी ते दरीत साडेचार मैल खाली एका झऱ्यापाशीच मिळे. तेव्हा फोटो काढायचा, काचा घेऊन खेचरांच्याही पुढे पळत खाली जायचे, तेथल्या अंधाऱ्या खोलीत काम उरकायचे आणि तीन हजार फूट चढून पुन्हा वर यायचे. सुट्टीच्या आठवणीचा फोटो, जो आज कोणीही खिशातला फोन काढून घेतो, त्यामागे हे श्रम होते.

तो झरा मात्र रिकाम्या रानातला नव्हता. ती हवासुपाई लोकांची शेतीची जागा होती. त्यांचा वर्षाचा क्रमच असा की उन्हाळ्यात दरीत मका, घेवडा, भोपळा पिकवायचा आणि हिवाळ्यात शिकारीसाठी पठारावर जायचे. उन्हाळा दरीत काढणारी पहिली कुटुंबे ती हीच. १८८२ साली सरकारने त्यांच्यासाठी एका बाजूच्या दरीत केवळ ५१८ एकर राखून ठेवले. १९१९ साली ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यान झाले. आणि १९२८ साली झऱ्याकाठच्या त्या मळ्यातला शेवटचा हवासुपाई रहिवासी बाहेर काढला गेला. ज्या पाण्यावर एकांच्या सुट्टीची छायाचित्रे धुतली गेली, त्या पाण्यावरून दुसऱ्यांना उठावे लागले. १९७५ च्या कायद्याने जमातीला सुमारे १,८५,००० एकर जमीन परत मिळाली, आणि २०२२ साली त्या जागेचे 'इंडियन गार्डन' हे नाव बदलून 'हवासुपाई गार्डन्स' असे करण्यात आले. नाव परत यायला ९४ वर्षे लागली.

उत्तरेकडे, युटात, गोष्ट थोडी वेगळी घडली. तेथे १९२३ साली युनियन पॅसिफिक रेल्वेने सीडर सिटीपर्यंत फाटा आणला आणि पुढे झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ अशी बसगाड्यांची फेरी सुरू केली. गिल्बर्ट स्टॅन्ली अंडरवुड ह्या वास्तुविशारदाने तिन्ही ठिकाणी दगड-लाकडाची विश्रामगृहे बांधली. (उत्तर काठावरचे विश्रामगृह १९३२ साली एकदा जळाले, पुन्हा बांधले गेले आणि जुलै २०२५ मधल्या वणव्यात पुन्हा नष्ट झाले.) उन्हाळ्यात तेथे महाविद्यालयीन मुलेमुली नोकरीला असत आणि सकाळी बस निघताना ती सारी बाहेर येऊन निरोपाची गाणी म्हणत. खाटा घालणारी, ताटे उचलणारी ही तरुण मंडळी दारात उभी राहून गात आहेत आणि खिडक्यांतून लहान मुले हात हलवीत आहेत, ही प्रथा अनेक वर्षे चालली. १९३० साली झायनमध्ये खडक फोडून मैलाहून लांब बोगदा झाला. त्याच्या भिंतीत मोठाल्या खिडक्या कोरल्या होत्या आणि सुरुवातीच्या काळात तेथे मोटार थांबवून बाहेरचे कडे पाहता येत.

सीडर सिटीचा उल्लेख साहित्याच्या वाचकांसाठी आणखी एका कारणाने आवश्यक आहे. उद्यानांकडे जाणारे प्रवासी गावातून जातात, पण संध्याकाळी करण्यासारखे काही नसल्याने थांबत नाहीत, हे तेथील नाट्याध्यापक फ्रेड ॲडम्स ह्यांच्या ध्यानात आले. १९६१ साली त्यांनी शेक्सपिअर महोत्सवाची योजना मांडली आणि १९६२ च्या उन्हाळ्यात पहिले तीन प्रयोग झाले : 'द टेमिंग ऑफ द श्रू', 'हॅम्लेट' आणि 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'. दिवसा कडे-कपाऱ्या आणि रात्री शेक्सपिअर, ही सांगड पुढे इतकी रुजली की २००० साली ह्या महोत्सवाला प्रादेशिक रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. मुख्य नाटकाआधी हिरवळीवर गाण्या-नाचांचा मोफत कार्यक्रम होतो. ज्या मुलांना हॅम्लेटशी काही देणेघेणे नाही, त्यांची संध्याकाळ तेवढ्यावर भागते. एका अध्यापकाने गावाची अडचण ओळखून हे उभे केले, ह्याचा आम्हांस जरा जास्तच आनंद वाटतो हे खरे.

दुसऱ्या महायुद्धानंतर आगगाडी मागे पडली आणि घरची मोटार पुढे आली. १९५६ साली राष्ट्रीय उद्यान खात्याने 'मिशन ६६' ही दहा वर्षांची योजना हाती घेतली. रस्ते रुंद झाले, वाहनतळ आणि अभ्यागत केंद्रे आली. नेमक्या त्याच साली एडवर्ड ॲबी हा तरुण युटातल्या आर्चेस येथे हंगामी रखवालदार म्हणून लागला. त्याच्या 'डेझर्ट सॉलिटेअर' (१९६८) ह्या पुस्तकाने वाळवंटाच्या लेखनाला एकान्ताचे तत्त्वज्ञान दिले आणि मोटारींतून येणाऱ्या पर्यटनावर कडाडून हल्ला चढवला. उद्यानांत मोटारींना बंदी करा, लोकांना चालू द्या, हे त्याचे म्हणणे. मग लहान मुलांचे काय? सायकल चालवता येत नाही आणि पाठुंगळीही मावत नाही अशा मुलांनी काही वर्षे वाट पाहावी, असे उत्तर तो विनोदाने देतो. विनोद चांगला आहे, मोटारींविषयीची त्याची भीतीही खरी ठरली. पण चरित्रकारांनी दाखवून दिले आहे की आर्चेसमधल्या त्याच्या दुसऱ्या मोसमात त्याची पत्नी आणि तान्हा मुलगा काही काळ त्याच्याबरोबर तेथे राहत होते. पुस्तकातल्या त्या एकाकी झोपडीवजा गाडीत त्यांना स्थान नाही. ही लबाडी म्हणावी की कलावंताची निवड, ह्यावर वर्गात चांगला वाद होऊ शकेल. आमचे मत विचाराल तर ती निवडच आहे, पण तिची किंमत मोठी पडली : एकान्त हाच वाळवंटाचा अस्सल अनुभव आणि पाळणा, दुधाची बाटली, रडणे हे सारे त्यातले भेसळीचे, अशी समजूत त्यानंतरच्या कित्येक लेखकांनी न तपासता उचलली.

प्रत्यक्षात आज कुटुंबे येथे काय करतात? मुले उद्यानात शिरताच ज्युनिअर रेंजरची पुस्तिका घेतात, पाने भरतात, शपथ घेऊन बिल्ला लावून हिंडतात. सेडोनाजवळ ओक क्रीकच्या प्रवाहात गुळगुळीत लाल खडकावरून ऐंशी फूट घसरत जाता येते; ती जागा मुळात पेंडली नावाच्या शेतकऱ्याची सफरचंदाची बाग, १९८७ पासून राज्याचे उद्यान. सेंट जॉर्ज गावी २००० साली एका निवृत्त नेत्रतज्ज्ञाला आपल्या शेतात खडक उलटवताना डायनोसॉरच्या पावलांचे ठसे सापडले. २००५ पासून तेथे संग्रहालय आहे आणि मुलांना आपला पंजा त्या ठशाशेजारी धरून पाहता येतो. झायनमध्ये २००० सालापासून गर्दीच्या मोसमात मुख्य दरीत खाजगी मोटारींना मज्जाव असून फुकट बसगाड्या धावतात. म्हणजे ॲबीची निम्मी मागणी मान्य झाली, आणि ती मान्य झाल्याने लहान मुलांची वाट अडली नाही, उलट मोकळी झाली.

त्या बसच्या शेवटच्या थांब्यावरून व्हर्जिन नदीच्या काठाने मैलभराची फरसबंद वाट जाते आणि संपते तेथून पुढे नदी हीच वाट असते. जुलै-ऑगस्टात दूर कोठे पाऊस पडला तरी अरुंद दरीत लोंढा येतो. सप्टेंबर २०१५ मध्ये झायन आणि जवळच्या हिल्डेल गावी एकाच दिवशी आलेल्या पुरांत वीस माणसे गेली, आणि हिल्डेलमध्ये गेलेली सारी आया आणि मुलेच होती. म्हणून पुराची शक्यता किती, हे उद्यानाकडून रोज जाहीर होते : अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. सकाळी आई-वडील फलकापाशी थांबून तो शब्द वाचत असतात. मुले तोवर गुडघाभर पाण्यात शिरलेली असतात.