पाळ कोणी राखायची?

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्हा विभागला गेला आणि आमचा गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच सालच्या जून महिन्यात, येथून हजारो कोस दूर, कॅनडातील कॅलगरी शहरी दहा संगणकतज्ज्ञ जमले. 'ओपन बीएसडी' नावाची संगणकप्रणाली ही मंडळी आपसांत मिळून लिहीत आणि सर्वांना फुकट देत. तीतील गुप्तलेखनाचा भाग अमेरिकेत लिहावा, तर तो देशाबाहेर धाडण्यास तेथील कायदा आडवा येई. म्हणून भेट कॅनडात ठरली. या बैठकीला त्यांनी नाव दिले 'हॅकथॉन'. 'हॅक' म्हणजे येथे चोरी नव्हे, तर अडलेले काम सोडवणारी चतुर युक्ती. तिला मॅरेथॉन शर्यतीचे शेपूट जोडले, एवढेच.

शब्द नवा असला, तरी रीत आपल्या ओळखीची आहे. देशावर तिला इर्जिक म्हणतात. एखाद्याची नांगरट मागे पडली, की गावातले दहाजण आपापली बैलजोडी घेऊन त्याच्या शेतात उतरतात आणि काम उरकूनच बाहेर पडतात. ज्याचे शेत, तो सर्वांना जेवू घालतो. मजुरीची गोष्ट कोणी काढत नाही.

ही नवी इर्जिक महाराष्ट्रानेही पाहिली. २००३ साली नाशिकच्या कुंभमेळ्यात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचे प्राण गेले. पुढचा मेळा २०१५ चा. त्याआधी मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटी संस्थेत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने तेथे 'कुंभथॉन' भरू लागला. गर्दी, आरोग्य, निवारा अशा प्रश्नांवर विद्यार्थी आणि जाणती माणसे एकत्र बसली. त्यातूनच निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने व त्याच्या सोबत्यांनी एक चटई तयार केली. तिच्यावर पाऊल पडले की ते मोजले जाई, आणि कोणत्या वाटेने किती माणसे जात आहेत, हे कळे. तिचे नाव 'आशिओतो', म्हणजे जपानी भाषेत पावलांचा आवाज. पुढे २०१७ पासून भारत सरकारही विद्यार्थ्यांसाठी ३६ तासांचा हॅकथॉन भरवू लागले.

पण वाचकहो, इर्जिक संपली, पाहुणे घरी गेले, मग त्या कामाचे काय होते? इतिहासाचा खरा धडा येथे आहे.

फिनलंडचा विद्यार्थी लायनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिनक्स प्रणालीला हात घातला आणि जगभरच्या लोकांनी तीत भर घातली. एवढ्या हातांचे काम एकमेकांत गुंतू नये, म्हणून २००५ साली त्याने 'गिट' हे साधन लिहिले. कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली याची ते वहीखात्यासारखी नोंद ठेवते. २००८ साली अशा वह्यांसाठी 'गिटहब' हे सामाईक कोठार इंटरनेटवर उघडले. मात्र कोठाराला मालक असतो. गूगलचे असेच एक कोठार २०१६ साली बंद झाले आणि लोकांना आपली गाठोडी हलवावी लागली. गिटहब २०१८ साली मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरांना विकत घेतले.

२०१४ साली तर मोठाच बोभाटा झाला. जगातील असंख्य संकेतस्थळांचे कुलूप म्हणून वापरल्या जाणाऱ्या 'ओपन एसएसएल' या फुकट कोडमध्ये भगदाड सापडले. शोध घेता दिसले, की बड्याबड्या कंपन्या ज्यावर विसंबून होत्या, त्या कोडला पूर्णवेळ वाहिलेला माणूस अवघा एक होता!

आम्हां पूर्व विदर्भातल्या लोकांना याचे नवल वाटू नये. आमच्याकडे हजारो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. कोहळी समाजाच्या जाणत्यांनी जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखून ते बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. त्यांच्या पाण्यावर धान पिके, आणि पाळ दुरुस्त करणे, गाळ उपसणे ही कामे गाव मिळून करी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. पण तिच्याबरोबर राखणीची रीतही सैल पडली. पाण्यावर हक्क सर्वांचा राहिला, गाळ मात्र कोणाचाच राहिला नाही. कित्येक तलाव उथळ झाले.

आमच्या गावांतली मुले आता नागपूर-पुण्याला जाऊन हॅकथॉनमध्ये बसतात, बक्षिसे आणतात. त्यांचे कौतुक अवश्य करावे. पण घरी आल्यावर त्यांना एवढे विचारावे: बाळांनो, त्या रात्री जे बांधलेत, त्याचा गाळ पुढच्या उन्हाळ्यात कोण उपसणार आहे? ज्याच्यापाशी याचे उत्तर असेल, त्याच्या कोडचे पाणी पुष्कळांच्या शेतात पोहोचेल.